कोणाला कोणापासून जपायचं

मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा (अंगावर साठलेली स्थिर वीज, म्हणजे स्टॅटिक, काढून टाकणारा) बांधलाय, त्याची क्लिप नीट अर्थला लावलीय, आणि आता हा माणूस उघड्या, चालू पॉवर सप्लायवर वाकून आत बोट घालतोय, असं काही व्हिडिओत दिसलं की माझ्या पोटात गोळाच येतो. बघणाऱ्याला वाटतं काय काळजी घेतोय बघा, पट्टाबिट्टा लावून बसलाय. काळजी त्याने घेतलीय हे खरंच आहे, फक्त ती चिपची घेतलीय, स्वतःची नाही. तो पट्टा माणसासाठी नसतोच मुळी. उलट तो पट्टा नुसत्या वायरचा जुगाड असेल (त्याचं पुढे येईलच) तर त्याने त्याला पक्कं अर्थशी बांधून ठेवलंय, म्हणजे फेजला हात लागला तर करंटला जायला वाट तयार.

इलेक्ट्रॉनिक्स हाताळण्याबद्दल जो काही गोंधळ आहे ना, तो माझ्या मते सगळा इथूनच सुरू होतो. आपण शॉक, करंट, झटका हे सगळं एकाच पोत्यात भरतो, पण टेबलावर एका वेळी दोन वेगळ्या भानगडी चालू असतात. एकीत मशीनला माझ्यापासून धोका असतो, दुसरीत मला मशीनपासून. आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या बरोबर उलटे! स्टॅटिकवाला नियम सांगतो की स्वतःला जोडून घे, मेन्सवाला, म्हणजे भिंतीतल्या विजेचा, नियम सांगतो की सुटा रहा, कोरडा रहा, रबरी सोलच्या चपला घाल, एक हात खिशात ठेव. दोन्ही नियम बरोबर आहेत, फक्त आत्ता आपण कुठल्या भानगडीत आहोत हे ओळखता यायला हवं, आणि ते ओळखायला आपलं अंग अजिबात मदत करत नाही, उलट चुकीचंच सांगतं.

आधी स्टॅटिकचं बघू. आपलं शरीर म्हणजे एक छोटा कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारी वस्तू, आहे, साधारण १०० पिकोफॅरडचा (फॅरड हे साठवणीचं माप, पिको म्हणजे त्याचा अगदी बारीक अंश). इंडस्ट्रीत चिप टेस्ट करताना माणसाच्या बोटाची नक्कल करतात ती पण अशीच, १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर चार्ज करायचा आणि १५०० ओहमच्या रेझिस्टरमधून (करंटला अडवणारा पार्ट) चिपच्या पिनेवर सोडायचा. कोरड्या हवेत कार्पेटवरून नुसतं चालत गेलं तरी या कपॅसिटरवर हजारो व्होल्ट चढतात, हवा अगदीच कोरडी असेल तर तीस हजाराच्या पुढेसुद्धा. दमट हवेत तोच आकडा हजार-दीड हजारावर येतो, कारण ओलावा सगळ्या पृष्ठभागांवर पातळसा थर धरतो आणि चार्ज हळूहळू निसटून जातो. म्हणून थंडीच्या कोरड्या दिवसांत दाराच्या हँडलला हात लावला की टक् होतं आणि पावसाळी हवेत होत नाही.

आता त्या टक् चा हिशोब गंमतीशीर आहे. माणसाला स्टॅटिकचा झटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, त्याच्या खाली काही कळतच नाही. आवाज ऐकू यायला त्याहून जास्त, आणि ठिणगी डोळ्याला दिसायला अजून जास्त. इकडे सुट्या मॉसफेटची (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) डेटाशीट उघडून बघा, गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, जास्तीत जास्त २० व्होल्ट असं लिहिलेलं सर्रास सापडेल. वीस! कारण गेटखाली सिलिकॉन ऑक्साइडचा जो थर असतो तो नॅनोमीटरमध्ये मोजायचा, आणि प्रत्येक नॅनोमीटरमागे तो ढोबळमानाने एक व्होल्ट सहन करतो, त्याच्या पुढे भोक पडतं. म्हणजे वीस पासून तीन हजारपर्यंतचा जो सगळा टप्पा आहे त्यात मी पार्ट मारू शकतो आणि मला पत्तासुद्धा लागणार नाही. मला जाणवला तेव्हाच झटका बसला असं धरून चालणारी माणसं याच टप्प्यात फसतात.

पण मग "मी इतकी वर्षं सतरंजीवर बसून रॅम बदलतोय, कधी काही झालं नाही" म्हणणारे पण भेटतातच की, आणि ते खोटं बोलत नसतात. आजकालच्या बहुतेक चिप्सच्या पिनांवर आतच संरक्षणाचे डायोड बसवलेले असतात, बऱ्याच चिप्स त्या मघाच्या टेस्टमध्ये २००० व्होल्टपर्यंत टिकतात, शिवाय बोर्डवर बसलेल्या चिपला आजूबाजूच्या पार्ट्सचा थोडा आधार मिळतो. म्हणून घरगुती रॅम बदलणारा बहुतेक वेळा सुटतो. पण लेझर डायोड, रेडिओ फ्रिक्वेन्सीचे नाजूक ट्रान्झिस्टर, हार्ड डिस्कची हेड्स यांना असं फारसं कवच देताच येत नाही, दिलं तर त्यांचं कामच बिघडतं. तिथे सतरंजीचा अनुभव उपयोगाचा नाही.

आणि दुसरं म्हणजे "काही झालं नाही" हे तुम्हाला कसं कळलं? स्टॅटिकचा सगळ्यात वैतागवाणा भाग हाच आहे की पार्ट दर वेळी तिथल्या तिथे मरत नाही. ऑक्साइडला अर्धवट इजा होते, चिप चालू राहते, टेस्ट पास होते, आणि मग काही महिन्यांनी गरम झाल्यावर हँग व्हायला लागते किंवा कधीतरी अचानक जाते. तेव्हा आपण कंपनीला शिव्या घालतो, व्होल्टेजला शिव्या घालतो, पण त्या दिवशी स्वेटर घालून बोर्ड हातात घेतला होता हे कोणाच्या डोक्यात येतं? पुरावाच नसलेला गुन्हा आहे हा, त्यामुळे यात स्वतःचा अनुभव हा फार वाईट शिक्षक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

टेबलावरच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या वस्तू तर अजून वाईट. थर्माकोल, प्लॅस्टिकचे कप, साध्या पॉलिथिनच्या पिशव्या, आणि ती पारदर्शक चिकटपट्टी. रोलमधून टर्रकन पट्टी ओढली की तिच्यावर हजारो व्होल्ट येतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी निर्वात जागेत अशीच पट्टी उलगडली तर त्यातून चक्क एक्स-रे निघाले, आणि त्या एक्स-रेवर त्यांनी बोटाचा फोटोही काढून दाखवला. (घरी एक्स-रे निघत नाहीत, घाबरू नका, निर्वात जागा लागते त्याला.) सुटे स्क्रू हरवू नयेत म्हणून ते पट्टीवर चिकटवून ठेवायची आयडिया सगळे सांगतात, आयडिया चांगलीच आहे, पण पट्टी बोर्डपासून लांब ओढा, बोर्डच्या डोक्यावर धरून नको. तसंच व्हॅक्यूम क्लीनर. प्लॅस्टिकच्या नळीतून कोरडी धूळ सपाट्याने घासत जाते तेव्हा ती नळी मस्त चार्ज होते आणि आपण ती नेमकी मदरबोर्डवरून फिरवत असतो. त्यापेक्षा हवेचा फवारा बरा, आणि तो मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर फॅन भन्नाट स्पीडने गरगरतो आणि बेअरिंगची वाट लागते.

बरं, मग करायचं काय? इथे सगळे अर्थिंग अर्थिंग करतात, पण स्टॅटिकमध्ये खरा मुद्दा जमिनीचा नाहीच, मुद्दा लेव्हलचा आहे. दोन टाक्यांमध्ये पाण्याची पातळी सारखी असेल तर मधला नळ उघडला तरी पाणी वाहत नाही, तसंच मी आणि कॅबिनेट आणि हातातली रॅम तिघंही एकाच व्होल्टेजला असलो तर ठिणगी पडायला कारणच उरत नाही, मग ते व्होल्टेज जमिनीच्या मानाने काही का असेना. म्हणून पट्ट्याची क्लिप कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला लावली तरी काम होतं. पट्टा नसेल तर कॅबिनेटच्या धातूला आधी हात लावायचा, मग बोर्डला, आणि मध्ये उठून चालून आलात तर परत आधी धातू. बोर्ड कडांना धरायचा, सोनेरी कॉन्टॅक्टना बोट नाही.

काही लोक सांगतात की प्लग लावलेलाच ठेवा, फक्त स्विच बंद करा, म्हणजे अर्थची वायर जोडलेली राहते. तर्क कळतो मला, पण पटत नाही. स्विच कुठली वायर तोडतोय हे त्या स्विचबोर्डाची वायरिंग ज्याने केली त्यालाच माहीत, आणि उलटी वायरिंग काही दुर्मिळ नाही. लेव्हल सारखी ठेवायला भिंतीतली वायर लागत नाही हे वर आलंच. मग कशाला विषाची परीक्षा बघायची? प्लग काढा.

पार्ट ज्या पिशवीत येतो तिच्याबद्दल थोडं बोललंच पाहिजे कारण तिथे फार घोळ होतात. गुलाबी पिशवी म्हणजे फक्त स्वतः चार्ज होत नाही, बाहेरून ठिणगी पडली तर ती अडवत नाही. चंदेरी, धुरकट दिसणाऱ्या पिशवीत धातूचा थर असतो आणि ती आतल्या वस्तूभोवती पिंजऱ्यासारखं काम करते, मायकेल फॅरडेने १८३६ मध्ये दाखवलं ते हेच, चार्ज पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूला राहतो, आत पोचत नाही. म्हणजे उपयोग पिशवीच्या आत असतो, वर नाही. तरी माणसं बोर्ड पिशवीतून काढतात आणि तिच्यात धातू आहे हे विसरून त्याच पिशवीवर ठेवून चालू करून बघतात. त्यापेक्षा ज्या खोक्यातून तो आला त्याचा पुठ्ठा घ्या, साधा, कोरडा.

इथपर्यंत झाली मशीनची काळजी. आता माणसाची, आणि इथे माझा सूर बदलतो कारण इथे चूक झाली तर वॉरंटीबिरंटी नसते.

आधी एक आकडेमोड. दाराच्या हँडलवरचा दणदणीत झटका समजा १०,००० व्होल्टचा आहे, त्या १०० पिकोफॅरडमध्ये तेव्हा ५ मिलिज्यूल एवढीच एनर्जी असते. (एवढीशी म्हणून हसू नका, पेट्रोलची वाफ पेटायला मिलिज्यूलचा पाव भागसुद्धा पुरतो, म्हणून पेट्रोल भरताना मध्येच गाडीत बसून परत उतरू नये, उतरलंच तर नळीला हात लावायच्या आधी गाडीच्या धातूला लावावा.) आता कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर घ्या. २३० व्होल्टचा एसी रेक्टिफाय झाला (डीसीत बदलला) की त्याच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी बसतो. ३३० मायक्रोफॅरडचा असेल तर आत १७ ज्यूल झाले. म्हणजे व्होल्टेज तिसाव्या हिश्शाएवढं, आणि एनर्जी तीन हजार पटींहून जास्त. दहा हजारवाल्याने आपण नुसते "आई गं" म्हणतो, तीनशेवाला हाडं खिळखिळी करतो. व्होल्टचा आकडा ऐकून घाबरायचं की नाही हे ठरवता येत नाही ते यामुळे. मागे किती साठा आहे आणि तो किती वेळ करंट पुरवू शकतो हे बघावं लागतं.

कपॅसिटरच्या या ताकदीची मजा माणसाने फार आधी घेतलीय. लायडन जार म्हणजे पहिला कपॅसिटर, १७४५-४६ च्या सुमारास सापडला, आणि लगेच १७४६ मध्ये फ्रान्समध्ये आबे नोले या शास्त्रज्ञाने राजासमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभं केलं आणि जार सोडला, सगळे एकदम उडाले. दरबाराला करमणूक झाली. शिपायांना कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

आणि भिंतीतल्या सॉकेटमागचा साठा तर संपतच नाही. एक मिलिअँपच्या आसपास मुंग्या जाणवतात. त्याच्या पुढे दहा-पंधरा मिलिअँपला स्नायू आखडतात आणि धरलेली वायर सोडता येत नाही, मेंदू सोड म्हणतो पण मूठ ऐकत नाही. चार्ल्स डॅलझिल म्हणून अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात प्रोफेसर होते, त्यांनी स्वयंसेवकांवर हे मोजलं होतं, पुरुषांची सरासरी १६ मिलिअँप आणि बायकांची साडेदहा. आज आपण ज्याला गळती पकडणारा ब्रेकर म्हणतो त्याचा अमेरिकेतला प्रकार त्यांनीच पुढे १९६१ मध्ये बनवला. हा ब्रेकर जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटची तुलना करतो, फरक पडला म्हणजे तेवढा करंट दुसरीकडून, कदाचित कोणाच्या तरी अंगातून, जातोय, की लगेच लाइन तोडतो. बऱ्याच ठिकाणी तो ३० मिलिअँपचा असतो. साधा एमसीबी मात्र वायर जळू नये म्हणून असतो, तो कित्येक अँपला पडतो, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि हो, गळती पकडणारा ब्रेकरसुद्धा एक हात फेजवर आणि दुसरा न्यूट्रलवर असलेल्या माणसाला वाचवत नाही, कारण त्याच्या हिशोबाने गेलेला करंट बरोबर परत आलाय. तुम्ही त्याला फक्त एक बल्ब दिसता.

म्हणून प्लग काढायचा. पण प्लग काढला म्हणजे झालं असं नाही, आणि इथे बरीच हुशार माणसं घाई करतात. कॉम्प्युटर शट डाउन केला तरी प्लग लावलेला असेल तर पॉवर सप्लाय ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन चालू ठेवतो, मदरबोर्डवर एक बारीकसा एलईडी त्याचीच खूण म्हणून जळत असतो. रॅम त्या अवस्थेत ओढली तर तुम्हाला काही होणार नाही पण रॅमचं सांगता येत नाही. प्लग काढल्यावर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, बघण्यासारखं आहे ते, प्लग हातात असताना फॅन अर्धी गिरकी घेतो, दचकल्यासारखा, आणि मग एलईडी हळूहळू मावळतो. उरलेला चार्ज संपला. लॅपटॉपमध्ये हे पुरत नाही कारण बॅटरी आत बसलीय, तिथे मागचं झाकण उघडल्यावर सगळ्यात पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचा, आणि लिथियमच्या पाउचला स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं नाही, टोचलं तर ती पेट घेते. आणि यूपीएसला लावलेलं मशीन भिंतीचा स्विच बंद केल्यावर खुशाल चालूच राहतं हे तर सांगायलाही नको, तरी सांगतोय.

पॉवर सप्लायचा स्वतःचा डबा मात्र उघडू नये, बंदच ठेवावा. ज्यांना उघडायचाच आहे त्यांनी मीटर लावून कपॅसिटरवरचं व्होल्टेज आधी मोजायचं, आणि काही हजार ओहमच्या, जाड वॅटच्या रेझिस्टरमधून तो रिकामा करायचा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून फाट् आवाज काढणं यात काही मर्दानगी नाही, टोक वितळतं आणि ठिणगीचा धातू डोळ्यात जाऊ शकतो. आणि रिकामा केल्यावर थोड्या वेळाने परत मोजायचं. कारण कपॅसिटरच्या डायइलेक्ट्रिकमध्ये (आतल्या इन्सुलेटरच्या थरात) थोडा चार्ज मुरलेला राहतो, तो नंतर हळूच बाहेर येतो आणि शून्य दाखवणारा कपॅसिटर पुन्हा काही व्होल्ट दाखवायला लागतो.

मायक्रोवेव्ह ओव्हन तर मी स्वतः उघडत नाही आणि कोणाला उघडूही देत नाही. दोन हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, करंट देण्याची पूर्ण ताकद असलेला, आणि त्याच्या जोडीला हाय व्होल्टेज कपॅसिटर. तिथे पहिला अनुभव हाच शेवटचा ठरू शकतो. यूट्यूबवर बघून करायच्या गोष्टींमध्ये ही बसत नाही.

आता परत त्या पट्ट्याकडे, कारण दोन उलट्या नियमांची तडजोड कशी केलीय ते त्यात दिसतं. चांगल्या पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो. स्टॅटिकचा चार्ज मुळात इतका थोडा की दहा लाख ओहममधूनही तो सेकंदाच्या छोट्याशा भागात निघून जातो. आणि चुकून हात २३० व्होल्टला लागलाच तर त्या वाटेने ०.२३ मिलिअँप जाईल, म्हणजे जाणवला तर जेमतेम. कोणीतरी डोकं लावून काढलेला आकडा आहे हा! म्हणूनच नुसती तांब्याची वायर मनगटाला गुंडाळून तिचं दुसरं टोक अर्थला लावणं हा जुगाड अजिबात करू नका, दिसतो पट्ट्यासारखा, पण त्याच्यात नेमका तो रेझिस्टर नाही. आणि रेझिस्टर असला तरी तो फक्त पट्ट्याच्या वाटेपुरता, तुमची दुसरी कोपर कॅबिनेटला टेकली असेल तर ती वाट मोकळीच आहे. म्हणून उघडं मेन्स असेल तिथे पट्टा काढून ठेवायचा. अंगठी आणि धातूचं घड्याळ पण. ते तर १२ व्होल्टच्या बॅटरीजवळसुद्धा नको, शॉक बसत नाही पण अंगठीतून शॉर्ट झालं तर ती लालबुंद होईपर्यंत तापते.

धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपवर चार्जिंगच्या वेळी हात फिरवला की बारीक मुंग्या येतात, "लॅपटॉप करंट मारतोय" असं ज्याला म्हणतात, ते नेमकं या दोन भानगडींच्या सीमेवरचं प्रकरण आहे. दोन पिनांच्या चार्जरमध्ये मेन्सच्या बाजूपासून लॅपटॉपच्या बाजूपर्यंत एक छोटा कपॅसिटर मुद्दाम ठेवलेला असतो, रेडिओतली खरखर कमी व्हावी म्हणून, आणि त्यातून थोडासा करंट झिरपतो. २.२ नॅनोफॅरडचा धरला तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला फार तर ०.१६ मिलिअँप. (मघाचा एक मिलिअँपचा आकडा वायर हातात धरल्यावरचा, बोट नुसतं हलकं टेकवलं की त्याहून कमी करंटही जाणवतो.) माणसाला यातून धोका नाही, चार्जर अस्सल असेल तर. नकली चार्जरमध्ये तिथे कुठला कपॅसिटर घातलाय हे उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि तो शॉर्ट झाला तर फेज थेट बॉडीवर. पण अस्सल चार्जरनेही तो लॅपटॉप जमिनीच्या मानाने शंभरेक व्होल्टवर तरंगत असतो, आणि आपण त्याच अवस्थेत त्याला अर्थ असलेल्या टीव्हीची किंवा प्रोजेक्टरची केबल खुपसतो. कनेक्टरचा बाहेरचा धातू आधी टेकला तर ठीक, नाही टेकला तर तो फरक सिग्नलच्या पिनेतून निघतो आणि पोर्ट जातो. यूएसबीचा जुना चौकोनी प्लग आत डोकावून बघा, बाजूच्या दोन पट्ट्या मधल्या दोनांपेक्षा पुढे आलेल्या दिसतील, त्या पॉवर आणि ग्राउंडच्या, म्हणजे डेटाच्या आधी त्या जुळतात. तीन पिनांच्या बऱ्याच प्लगमध्ये अर्थची पिन लांब ठेवतात ती पण याच हिशोबाने. सगळ्या केबल्समध्ये हा विचार केलेला असतोच असं नाही, त्यामुळे मी टीव्हीला लॅपटॉप जोडताना चार्जर काढतो, केबल लावतो, मग चार्जर परत लावतो. घरचे हसतात. पोर्ट अजून चालू आहे, अर्थात तो यामुळेच चालू आहे की उगाच, हे वरच्याच कारणाने मला कधी कळणार नाही.